यादीत एक नाव वाढलं, तर यादी तीच राहते का?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. पडद्यावर दाखवलेल्या आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर लिहिताना पुश, कॉन्कॅट, कॉन्स्ट यांसारखे शब्द रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी पद्धतीने लिहावे लागतात.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-चार जणांनी आयोजकांना विचारलं म्हणे, "सर तर तत्त्वज्ञान शिकवायचे, मग हे जावास्क्रिप्ट मधेच कुठून आलं?" विचारणं रास्त आहे. माझं उत्तर असं की, 'तेच' आणि 'तसंच' यांतला फरक आम्ही वर्षानुवर्षं वर्गात खडूने फळ्यावर समजावत आलो. मुलं वहीत उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. विसरल्याने कुणाचं काही बिघडत नसे. आता तीच मुलं, किंवा त्यांची मुलं, संगणकाला आज्ञा लिहितात. तिथे हा फरक विसरला तर बिघडतं. म्हणून हा विषय.

प्रश्न अगदी साधा आहे. जावास्क्रिप्टमध्ये ॲरे नावाची एक गोष्ट असते. आपण तिला यादी म्हणू या. या यादीत एखादी वस्तू वाढवायची आहे, ती कशी वाढवायची? नवशिक्याने शोधलं तर त्याला पाच-सहा मार्ग सापडतात: पुश, अनशिफ्ट, स्प्लाइस, कॉन्कॅट, आणि ती तीन टिंबं. बरोबर सल्लाही मिळतो की, "कुठलाही वापर, काम होतं."

काम होतं, हे खरं. पण प्रत्येक वेळी एकच काम होत नाही. यातले काही मार्ग तुमच्या हातातली यादीच बदलून टाकतात. काही मार्ग जुन्या यादीला हात लावत नाहीत, नवी यादी करून देतात. यादी फक्त तुमच्याकडे असेल तर हा फरक जाणवणारही नाही. पण तीच यादी आणखी कुणाच्या हातात असेल तर? आजचं सगळं व्याख्यान या 'तर'वर आहे.

आधी यादी म्हणजे काय

यादी म्हणजे क्रमांक लावलेल्या जागा. क्रमांक शून्यापासून सुरू होतो. पडद्यावर बघा:

कॉन्स्ट सभासद = ["आशा", "बाळू", "चंदू"];

आशा शून्यावर, बाळू एकवर, चंदू दोनवर. यादीची लांबी, म्हणजे सभासद.लेंग्थ, तीन. जाता जाता एक सांगतो. 'सभासद' हे नाव जावास्क्रिप्टमध्ये खरोखर देवनागरीत लिहिता येतं. भाषेचे स्वतःचे शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात, पण तुम्ही ठेवलेली नावं मराठीत चालतात. कारखान्यांत सहसा कुणी तसं करत नाही, पण शिकताना करून बघायला हरकत नाही.

आता यादीत दिगंबरला घ्यायचंय. सगळ्यांत सरळ मार्ग:

सभासद.पुश("दिगंबर");

पुश म्हणजे शेवटी ढकलणे. दिगंबर तीन क्रमांकावर बसला, लांबी चार झाली. एकाच वेळी दोन-तीन नावंही कंसात देता येतात. इथवर कुणाला अडचण येत नाही. अडचण येते ती पुश आपल्याला परत काय देतो, यात. पुश यादी परत देत नाही, नवी लांबी परत देतो. म्हणजे इथे चार हा आकडा. पुष्कळ जण उत्साहाने असं लिहितात: सभासद = सभासद.पुश("दिगंबर"). आपण वर नाव कॉन्स्टने ठेवलंय, म्हणून यंत्र इथे हरकत तरी घेईल. लेटने ठेवलं असतं, तर सभासद या नावाखाली आता यादी उरली नसती, चार हा आकडा उरला असता. आशा, बाळू, चंदू सगळे हातचे गेले. ही चूक नवशिक्यांमध्ये इतकी सर्रास होते की तिची पहिल्याच दिवशी ओळख करून घेतलेली बरी.

दुसरी गंमत. पुशला एक यादीच दिली तर? समजा पाहुणे नावाची वेगळी यादी आहे आणि आपण लिहिलं सभासद.पुश(पाहुणे). पुश ते गाठोडं सोडत नाही. अख्खं गाठोडं एकाच जागी ठेवून देतो. यादीच्या पोटात यादी. गाठोडं सोडून माणसं एकेक करून बसवायची असतील, तर पाहुणेच्या आधी तीन टिंबं द्यायची: सभासद.पुश(...पाहुणे).

सुरुवातीला आणि मधे

सुरुवातीला वाढवायचं तर अनशिफ्ट. मधे वाढवायचं तर स्प्लाइस. स्प्लाइसला तीन गोष्टी सांगायच्या: कुठून सुरुवात, किती काढायचे, आणि काय घालायचं. सभासद.स्प्लाइस(१, ०, "बबन") म्हणजे एक क्रमांकाच्या जागेपासून, कुणालाही न काढता, बबनला बसव.

रेशनच्या रांगेत कुणी शेवटी उभं राहिलं तर कुणाची तक्रार नसते. तेच कुणी पुढे येऊन उभं राहिलं, तर मागच्या प्रत्येकाचा नंबर एकाने मागे जातो. अनशिफ्टमध्ये नेमकं तेच होतं. काल जो शून्य क्रमांकावर होता तो आज एकवर. तुम्ही कुठे 'शून्य क्रमांकाचा सभासद अध्यक्ष' असं धरून चालला असाल, तर अध्यक्ष बदलला! वर, यादी लांबलचक असेल तर सगळ्यांना सरकवायला वेळही जास्त लागतो. आपले जुने हिशेबनीस रोजकीर्दीत नवी नोंद नेहमी शेवटी करत, मधे ओळ घुसवत नसत. त्यात शहाणपण होतं.

आणखी एक मार्ग आहे, थेट क्रमांकावर लिहिण्याचा. सभासद[३] = "दिगंबर" म्हटलं तरी चालतं. पण तीन जणांच्या यादीत कुणी सभासद[१०] = "दिगंबर" लिहिलं तर? यंत्र कुरकुर करत नाही. लांबी अकरा दाखवतं. माणसं मात्र चारच. मधल्या सात जागा, तीन ते नऊ, रिकाम्या.

या रिकाम्या जागांवर मला थोडं थांबायचंय. वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची जी यादी केली, तिच्यात पुढे सातवा पदार्थ म्हणून 'अभाव' मान्य झाला. 'घट नाही' हेही ज्ञानच आहे, त्याचाही काही विषय असला पाहिजे, असा तो विचार. जावास्क्रिप्टमध्ये तर अभावाचे दोन प्रकार या एकाच यादीत भेटतात. एक, जागेवर 'अनडिफाइन्ड' असं मूल्य ठेवलेलं आहे. दुसरा, तिथे काही ठेवलेलंच नाही, नुसतं भोक आहे. वाचायला गेलात तर दोन्हीकडे 'अनडिफाइन्ड' असंच उत्तर येतं. पण फॉर-ईच या पद्धतीने यादीवरून फिरलात, तर पहिल्या प्रकारच्या जागेवर यंत्र थांबतं आणि दुसऱ्या प्रकारची जागा ओलांडून जातं. हजेरीपटावर नाव आहे पण मुलगा गैरहजर, ही एक गोष्ट. हजेरीपटावर ओळच कोरी, ही दुसरी. लांबी म्हणजे माणसांची संख्या, असं म्हणूनच समजू नका. लांबी म्हणजे शेवटच्या क्रमांकात एक मिळवला की येणारा आकडा.

दोन नावं, एक वस्तू

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ.

जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेग याने १८९२ साली एक निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा. नावं दोन, सांगण्याच्या रीती दोन, पण वस्तू एकच, शुक्र. ज्याला हे ठाऊक नाही तो दोन तारे आहेत असं समजून चालतो.

आता हे बघा:

कॉन्स्ट सभासद = ["आशा", "बाळू", "चंदू"];
कॉन्स्ट निमंत्रित = सभासद;
निमंत्रित.पुश("पाहुणे एक");

मला सांगा, सभासदची लांबी किती? तीन की चार?

(श्रोत्यांमधून दोन्ही उत्तरं येतात.)

चार. दुसऱ्या ओळीत यादीची नक्कल झालीच नाही. त्याच यादीला दुसरं नाव मिळालं. निमंत्रितमध्ये भर घातली म्हणजे सभासदमध्येच घातली. पहाटेच्या ताऱ्यावर यान उतरवलं, तर ते संध्याकाळच्या ताऱ्यावरही उतरलेलंच असतं.

इथे कुणी म्हणेल, "सर, पण कॉन्स्ट लिहिलंय ना? कॉन्स्ट म्हणजे न बदलणारं!" हा गैरसमज फार पसरलेला आहे. कॉन्स्ट वस्तूवर कुलूप लावत नाही. नाव आणि वस्तू यांच्यातली गाठ तेवढी पक्की करतो. सभासद हे नाव उद्या दुसऱ्या यादीला देता येणार नाही, एवढीच त्याची हमी. यादीच्या आत काय चालतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. घराच्या पाटीवरचं नाव पक्कं आहे, म्हणून घरात पाहुणे येऊ शकत नाहीत असं थोडंच आहे? आतलीही दारं बंद करायची असतील तर ऑब्जेक्ट.फ्रीझ नावाची वेगळी सोय आहे. गोठवलेल्या यादीवर पुश चालवला की यंत्र ताबडतोब चूक दाखवतं.

आता याच्या उलट बाजू. दोन वेगळ्या याद्या घ्या, दोन्हींत हुबेहूब तीच तीन नावं, त्याच क्रमाने. यंत्राला तीन बरोबरच्या चिन्हांनी विचारा, या एकच का? उत्तर येतं, नाही. दोन रिकाम्या याद्या घेतल्या तरी उत्तर नाहीच. लायब्निट्झचं एक तत्त्व आहे: ज्या दोन वस्तूंमध्ये कोणत्याही गुणाने फरक करता येत नाही, त्या दोन नसून एकच. यंत्र इथे लायब्निट्झच्या बाजूने बोलत नाही. आत काय आहे, हे ते बघतच नाही. तुम्ही दोन ठिकाणी वेगवेगळ्या घडवल्या ना, मग त्या दोनच. 'तसंच' असणं वेगळं आणि 'तेच' असणं वेगळं.

भर न घालता भर घालणे

आता दुसरं घराणं. कॉन्कॅट आणि तीन टिंबं.

कॉन्स्ट निमंत्रित = सभासद.कॉन्कॅट(पाहुणे);
कॉन्स्ट निमंत्रित = [...सभासद, ...पाहुणे];

यांपैकी कोणतीही एक ओळ लिहा. निमंत्रित ही नवी यादी तयार होते, तिच्यात सभासदही आहेत आणि पाहुणेही. सभासद मात्र होती तशीच, तिघांची. दुसऱ्या ओळीचा वाचून सरळ अर्थ लागतो: एक नवा चौकोनी कंस उघड, त्यात सभासदांना पसर, मग पाहुण्यांना पसर, कंस बंद कर. कॉन्कॅट, तुमच्या लक्षात आलं असेल, पुशसारखा गाठोडं तसंच ठेवत नाही. यादी दिली की एक पातळीपर्यंत गाठ सोडतो.

गणितात ही दृष्टी जुनीच आहे. एर्न्स्ट झर्मेलोने १९०८ साली संचांसाठी जी गृहीतकं मांडली, त्यांतलं पहिलंच असं की संच ठरतो तो त्याच्या घटकांनी. घटक बदलला की संच दुसरा. म्हणून गणितात संचात 'भर घालणं' असं काही घडतच नाही. तुम्ही दुसऱ्या संचाविषयी बोलू लागता, इतकंच.

आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी हा प्रश्न कापडाच्या निमित्ताने घोळवला. धागे हे अवयव, कापड हा अवयवी. कापडात एक धागा वाढला, तर तेच कापड मोठं झालं की दुसरं झालं? व्यवहारात आपण म्हणू, तेच कापड, जरा वाढलं. ते म्हणतात, नाही. अवयव बदलले की जुना अवयवी संपला, नवा उत्पन्न झाला. ऐकायला टोकाचं वाटतं. पण कॉन्कॅटची वागणूक याच्या बरीच जवळ जाते, एका फरकाने. इथे जुनी यादी लगेच नष्ट होत नाही. तिचं नाव कुणीतरी धरून आहे तोवर ती टिकते. कुणालाच तिची वाट ठाऊक राहिली नाही, की यंत्रातला सफाई कामगार येऊन ती जागा मोकळी करतो.

व्यवहारातलंही उदाहरण देतो. आपली मतदार यादी आठवा. मूळ यादी प्रसिद्ध होते. नंतर जी नावं वाढतात, वगळली जातात किंवा दुरुस्त होतात, त्यांची पुरवणी निघते. मूळ यादीच्या छापील पानावर कुणी पेनाने नाव वाढवत नाही. का? कारण 'त्या दिवशी यादीत कोण होतं' याचं उत्तर नंतरही देता आलं पाहिजे. पुरवणी जोडली तरी मूळ पान साक्षीला राहतं.

यात बिघडतं काय

एका काल्पनिक संस्थेचं उदाहरण घेऊ. चाळीस सभासद. नियम असा की सर्वसाधारण सभेला एक चतुर्थांश सभासद हजर हवेत, म्हणजे दहा. संस्थेसाठी एका मुलीने छोटी प्रणाली लिहिली. तिच्या मित्राने त्यात एक फंक्शन जोडलं: सभासदांची यादी घे, आठ पाहुण्यांची नावं जोड आणि सगळ्यांना निमंत्रणं पाठव. नावं जोडायला त्याने पुश वापरला. फंक्शनला यादी देणं म्हणजे त्याच यादीला आणखी एक नाव देणं, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

निमंत्रणं व्यवस्थित गेली. कुठे लाल अक्षर नाही, कुठे चुकीचा संदेश नाही. सभेच्या दिवशी अकरा सभासद आले. प्रणालीला विचारलं, गणपूर्ती झाली का? तिने यादी मोजली, अठ्ठेचाळीस. चौथा हिस्सा बारा. हजर अकरा. उत्तर आलं, गणपूर्ती नाही. नियमाने पूर्ण वैध असलेली सभा तहकूब झाली.

आता सांगा, यात चुकीचं कुणी काय केलं? मोजणारा भाग बरोबर मोजतो. निमंत्रणाचा भाग बरोबर निमंत्रणं पाठवतो. दोन्ही वेगवेगळे तपासले तर दोन्ही उत्तीर्ण. दोष या दोघांच्या मधे आहे. एकाने दुसऱ्याची वस्तू त्याला न सांगता बदलली. आणि दोष जिथे झाला तिथे दिसत नाही. तो दुसरीकडे, आठ दिवसांनी, दुसऱ्याच माणसाच्या डोक्यावर फुटतो. मला हा निव्वळ तांत्रिक प्रश्न वाटत नाही. शेजाऱ्याकडून वाचायला आणलेल्या पुस्तकात शाईने खुणा कराव्यात का, या जातीचा तो प्रश्न आहे.

याच गोष्टीचा दुसरा चेहरा रिॲक्ट वापरणाऱ्यांनी पाहिला असेल. रिॲक्टमध्ये पडद्यावर काय दाखवायचं, हे ज्या साठ्यावर अवलंबून असतं, त्याला तुम्ही यादी देता. यादी बदलली की पडदा नव्याने रंगवला जातो. पण 'बदलली' हे ते कसं ठरवतं? आत डोकावून मोजत बसत नाही. एवढंच बघतं की आधीची यादी आणि आत्ताची यादी एकच वस्तू आहे का. तुम्ही जुन्याच यादीत पुश करून तीच परत दिलीत, तर ते म्हणतं, ही तर तीच, मग रंगवायचं काय? नाव वाढलेलं असतं आणि पडद्यावर दिसत नाही. बिचारा शिकणारा तासभर डोकं खाजवतो. नवी यादी करून दिली, की लगेच दिसतं.

मग पुश टाकून द्यायचा का?

मुळीच नाही. दुसऱ्या घराण्यालाही किंमत मोजावी लागते. नवी यादी करायची म्हणजे जुनीतली प्रत्येक नोंद उतरवून घ्यायची. एकदा केलं तर काही वाटत नाही. पण रिकाम्या यादीपासून सुरू करून दहा हजार नावं एकेक करत अशा पद्धतीने वाढवली, तर एकूण उतरवणी जवळजवळ पाच कोटी होते. पुशला तीच गोष्ट दहा हजार ढकलण्यांत जमते.

म्हणून मी एक साधा विवेक सुचवतो. यादी तुम्हीच आत्ता घडवताय आणि अजून कुणाच्या हातात दिलेली नाही? खुशाल पुश करा. यादी दुसऱ्याकडून आली आहे, किंवा तुम्ही ती आधीच कुणाला दिली आहे? मग तिला हात लावू नका, नवी करून द्या. आणि काही कारणाने बदलायचीच असेल, तर फंक्शनच्या नावातच ते सांगा. 'निमंत्रणं पाठव' या नावामागे यादी बदलणं दडवू नका.

एक सावधगिरी मात्र ठेवा. नवी यादी म्हणजे नवं रजिस्टर, नवी माणसं नव्हेत. यादीत नुसती नावं नसून प्रत्येक सभासदाची नोंदच असेल, नाव, पत्ता, वर्गणी असलेली, तर नव्या यादीतही त्याच नोंदी असतात. नव्या यादीतून आशाताईंची वर्गणी बदललीत, की जुन्या यादीतही ती बदललेलीच दिसेल. नक्कल वरच्या थरापुरती होते. खोलवर नक्कल हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. त्यासाठी आता स्ट्रक्चर्ड-क्लोन नावाची सोय आहे.

या भाषेचा इतिहासही थोडक्यात सांगतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, हे प्रसिद्धच आहे. १९९९ साली भाषेच्या प्रमाणग्रंथाची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात पुश आणि कॉन्कॅट दोन्ही एकदमच आले. यादी पसरणारी तीन टिंबं २०१५ साली आली. २०२३ साली टू-स्प्लाइस्ड, टू-सॉर्टेड अशा पद्धती आल्या. जुन्या स्प्लाइस आणि सॉर्टचीच कामं, पण मूळ यादीला न दुखवता. जुन्या पद्धती मात्र कुणी काढून टाकल्या नाहीत. काढल्या, तर त्यांच्यावर उभी असलेली असंख्य पानं एका रात्रीत बंद पडतील. म्हणजे भाषेनेही तेच केलं: जुनं तसंच ठेवलं आणि शेजारी नवं मांडलं.

प्रश्नोत्तरं

एक विद्यार्थी: सर, पायथनमध्येही असंच आहे का?

हो, प्रश्न तोच आहे. तिथे अपेंड ही पद्धत हातातली यादी बदलते, आणि परत काहीच देत नाही, 'नन' येतं. अधिकचं चिन्ह वापरून दोन याद्या जोडल्या तर नवी यादी मिळते. पण अधिक आणि बरोबर ही चिन्हं एकत्र लिहिली, की पुन्हा जुनीच यादी बदलते. चिन्हात एवढासा फरक, अर्थात केवढा! कोणतीही भाषा शिकताना पहिला प्रश्न हा विचारा: ही पद्धत माझी वस्तू बदलते, की मला नवी देते?

एक श्रोत्या: मी निवृत्त शिक्षिका आहे. नातवाकडून हे शिकतेय. एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं?

ताई, सगळं लक्षात ठेवू नका. कागदावर चित्र काढा. एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला चौकोन. नावाकडून चौकोनाकडे बाण. ज्या चौकोनाकडे दोन बाण जातात, तिथे पुश करण्याआधी थांबायचं. नातवालाही हे चित्र काढायला लावा. बाण स्वतः काढला की विसरायला होत नाही.

एक श्रोते: पण सर, शेवटी यादीत नाव वाढल्यावर यादी तीच राहते की नाही? तुम्ही उत्तर दिलंच नाही.

(हशा) दोन हजार वर्षं वाद चाललाय, मी एका संध्याकाळी कसं देणार? पण यंत्राशी बोलताना एक सोय आहे. तिथे या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत नाही, ठरवावं लागतं. पुश लिहिलंत, तर तुम्ही ठरवलंत की यादी तीच आहे आणि ती बदलली. कॉन्कॅट लिहिलंत, तर ठरवलंत की ही दुसरी आहे आणि पहिली शाबूत आहे. नकळत ठरवलंत तर त्या अकरा सभासदांची सभा तहकूब होते. तेव्हा पुढच्या वेळी यादीत एखादं नाव वाढवताना क्षणभर विचारा, ही यादी आणखी कुणाकडे आहे? त्याचं उत्तर मिळालं, की कुठला मार्ग घ्यायचा ते आपोआप कळेल.

पुढच्या खेपेला याच धाग्याने 'काढून टाकणे' या विषयावर बोलू. वाढवण्यापेक्षा ते अवघड आहे.